दोन मिनिटं दहा, आणि घरचे बरे?

अया अस्मेलाशनी मेंढा खाऊन शर्यत विकली, असं आमच्या गल्लीत वर्षभर बोललं जात होतं.

ही बातमी सगळ्यात रंगवून सांगायचा तो कोपऱ्यावरचा न्हावी गिलाय. हातात वस्तरा, समोर गिऱ्हाइकाचा गळा, आणि आवाज असा खाली उतरवायचा की आरशालासुद्धा ऐकू जाऊ नये. "तुला म्हणून सांगतो. शर्यत जिंकलेल्या किब्रेआबच्या संघाने मेंढा पाठवला. पांढराशुभ्र. एवढा. शर्यत संपली त्याच संध्याकाळी अस्मेलाशच्या अंगणात बांधलेला मी पाहिला, या, या डोळ्यांनी." मग वस्तरा दोनदा चामड्यावर घासायचा. "फुकट कोण देतं रे मेंढा?" गळ्यावर वस्तरा असताना गिऱ्हाइकाला मान हलवता येत नसे. गिलायला वाटे, पटलं.

मेंढा खरा होता. तो अयांच्या बहिणीने सेगेनेतीहून सणासाठी पाठवला होता. बसच्या टपावर बसून आला बिचारा, आणि बस घाटात बंद पडल्यामुळे नेमका शर्यतीच्या संध्याकाळी पोचला. बाकी सगळं खोटं. गेल्या वर्षी डोंगरात जे झालं त्यात मेंढ्याचा काडीचा संबंध नव्हता. जे झालं ते आमच्यातल्या कुणाच्याही हातून झालं असतं, म्हणून तर कुणाला ते बोलायचं नव्हतं. मेंढा बरा.

अया अस्मेलाश आमच्या शाळेची घंटा वाजवतात. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने कोण हाक मारतं, म्हणून अया. उंच, किडकिडीत, खिशात कायम खडू. कारण रोज सकाळी सगळ्या वर्गांच्या फळ्यांवर तारीख तेच लिहितात, आणि अक्षर असं की त्याखाली आपलं अक्षर काढायला मास्तरांना लाज वाटते. या अक्षरामुळेच बावीस वर्षांपूर्वी सायकल शर्यतीच्या समितीने त्यांना बोलावून घेतलं. दर हिवाळ्यात आठ दिवस ही शर्यत देशभर फिरते, रोज एक टप्पा, आणि आठही दिवसांची वेळ मिळवून जो सगळ्यात कमी वेळात येतो तो जिंकतो. या आठ दिवसांत अया मोटारसायकलच्या मागच्या सीटवर असतात. मांडीवर काळी पाटी. पुढे पळालेला आणि मागून येणारे यांच्यात किती अंतर पडलंय ते घड्याळावर मोजायचं, पाटीवर लिहायचं, मोटारसायकल सायकलस्वाराच्या शेजारी घेऊन पाटी त्याच्यासमोर धरायची. बास. बाहेरच्या मोठ्या शर्यतींत म्हणे स्वारांच्या कानात यंत्र असतं. आमच्या शर्यतीत अया असतात.

आता, आमच्यात भेटल्या भेटल्या कामाचं बोलणारा माणूस म्हणजे एक तर परदेशी, नाही तर ज्याचं घर पेटलंय असा. रात्र कशी गेली, तुम्ही बरे, घरचे बरे, आई बरी, पोरं बरी, गाय बरी, हे झाल्याशिवाय पुढचं तोंडातून निघत नाही. सगळेच विचारतात. पण बाकीचे उत्तर ऐकत नाहीत. अया ऐकतात, आणि तिथेच घोळ होतो. तुम्ही चुकून म्हणालात की काका जरा खोकतोय, तर अया थांबतात, पाटी असो, घंटा असो, काहीही असो: "खोकतोय? कोरडा की ओला?"

त्यांना घर पेटलेलंही पुरत नाही. एकदा प्रयोगशाळेतल्या कचऱ्याच्या टोपलीने पेट घेतला, तेव्हा अया मुख्याध्यापिका बाईंच्या दारात उभे राहिले. आवाज खर्जात सुरू होतो आणि प्रश्नागणिक एकेक पायरी वर चढतो: "बाई, रात्र कशी गेली? बरी? साहेब बरे? मुलगी? तिचा दात निघाला? देवाची कृपा... बाई, प्रयोगशाळेला आग लागलीय." घंटा मात्र सेकंदाचाही उशीर न होता वाजते. घंटेला आईवडील नाहीत.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी हेच नडलं.

शेवटचा टप्पा मस्सावाहून आमच्या अस्मारापर्यंत. समुद्रापासून निघायचं आणि नेफासितनंतर डोंगर चढत ढगांच्या वर यायचं. त्या दिवशी धुकं एवढं होतं की पाटी ओली झाली आणि तिच्यावर खडू उमटेना. पुढे एकटा नेगासी होता. नेगासी म्हणजे आमचा कायमचा दुसरा. सात वर्षं शर्यतीत आहे आणि अजून एक टप्पा त्याच्या नावावर नाही, कारण जिथे नेगासी पहिला येणार असतो तिथे किब्रेआब मागून येतो. त्या दिवशी किब्रेआब त्याच्या मागे फक्त चाळीस सेकंदांवर होता आणि नेगासीला वाटत होतं, दोन मिनिटं तरी आहेत, दमानं घेऊ. पाटीवर लिहिता येत नाही म्हटल्यावर अयांनी मोटारसायकल शेजारी घ्यायला लावली. ओरडायचं होतं फक्त, "चाळीस सेकंद!"

पण तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते, "नेगासी, बाळा, रात्र कशी गेली?"

"बरी गेली, अया. तुमची?"

"देवाची कृपा. घरचे?"

"बरे. आईचा तेवढा पाय मोडलाय."

"अरे देवा! कुठला?"

"डावा," नेगासी म्हणाला, आणि तेवढ्यात धुक्यातून एक पिवळी जर्सी बाहेर आली, "सलाम अया, सलाम नेगासी" म्हणाली, आणि पुन्हा धुक्यात गेली.

तो किब्रेआब. टप्पा गेला, शर्यत तर त्याचीच होती, सलग तिसरी. किब्रेआबने मला तसाही गाठलाच असता, असं नेगासी स्वतः म्हणतो, पण हे फक्त घरातल्या माणसांत. त्याच्या संघाने मात्र तक्रार केली, आणि समितीचे प्रमुख अया तेकेस्ते यांनी अस्मेलाशना बोलावलं. तेकेस्ते दर वाक्याला खाकरतात, जणू वाक्य घशात अडकलंय. "अस्मेलाश, अहं. तुझं काम आकडा देणं. अहं. पुढच्या वर्षी तोंडातून आकड्याशिवाय काही निघायचं नाही. अहं. एक जरी तक्रार आली ना, पाटी दुसऱ्याच्या मांडीवर."

शर्यतीतून अयांना मिळतं काय? एक टोपी आणि आठ दिवसांचं जेवण. पण हे ऐकून आले त्या दिवशी ते घंटेच्या खाली नुसते बसून राहिले. मला म्हणाले, "लुवाम, बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारून जातोय गं. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं म्हणजे ते सर्रकन जातात आणि संपलं. मी त्यांचे चेहरे बघितलेत." त्यांनी खिशातला खडू काढला, बघितला, परत ठेवला. एरवी मी सगळ्या गल्लीच्या नकला करते; त्या दिवशी कुणाचीच केली नाही.

मग वर्षभर सराव. पहिली गोष्ट, पाटी. त्यांनी बायकोच्या टेबलावरचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून पाटीला खोळ शिवली. खालून फक्त हात आत जाईल एवढं भोक. पाऊस पडो, धुकं येवो, आतला खडू कोरडा. त्यांची बायको, अदेय लेतेमारियाम (मोठा पुरुष अया, मोठी बाई अदेय), भेटेल त्याला सांगायच्या, "माझं टेबल नागडं, पाटीला रेनकोट."

दुसरी गोष्ट, जीभ. ती खोळीत कशी घालणार? अयांनी ठरवलं, घरात सराव करायचा. अदेय लेतेमारियाम बाजारातून आल्या की त्यांनी फक्त आकडा म्हणायचा. त्या दारात आल्या. अयांनी दात आवळले. "चाळीस सेकंद."

"काय?"

"चाळीस सेकंद."

"उन्हातून मी पिशव्या उचलून आणल्यात. कशी आहेस, असं विचारायची पद्धत असते. नवरा आहेस की घड्याळ?"

अयांच्या कपाळाला घाम फुटला. मी कुंपणावरून बघत होते. एवढा घाम मी किब्रेआबलाही आलेला बघितलेला नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या अंगणात त्यांना गाठलं. "अया, पैज लावता? आठ दिवसांत, सुरुवातीपासून शेवटच्या रेषेपर्यंत, तुमच्या तोंडून एकदा तरी कुणाची तरी आई निघणारच."

"नाही निघणार."

"निघाली, तर महिनाभर गणिताच्या तासाची घंटा पाच मिनिटं आधी."

"घंटा वेळेवरच वाजणार, कारण हरणार तू. आणि हरलीस तर पुढच्या शर्यतीपर्यंत माझी नक्कल तोंडातून काढायची नाही. वर्गात नाही, गल्लीत नाही, गिलायच्या दुकानात तर नाहीच."

हे जरा जास्त झालं. अयांची नक्कल म्हणजे माझी सगळ्यात चांगली नक्कल. पण मी दात आवळलेला तो माणूस बघितला होता. मी म्हटलं, ठरलं. साक्षीदार कोण? मोटारसायकल चालवणारा मेस्फुन. मेस्फुन खोटं बोलत नाही, कारण त्याला दोन शब्दांपेक्षा जास्त बोलायचा कंटाळा येतो. "ऐकीन," तो म्हणाला. "सगळं."

आणि शर्यत सुरू झाली.

शर्यत म्हणजे काय, किब्रेआब. या वर्षी तर कहरच. पहिल्या दिवशी अस्मारातच गोल गोल फिरायचं होतं, त्यात तो तिसरा आला, आणि रेडिओवरचा माणूस एवढा घाबरला की आवाज फुटला: "माझ्या प्रिय श्रोत्यांनो, किब्रेआब तिसरा! मी पुन्हा सांगतो, तिसरा!" दुसऱ्या दिवशी किब्रेआबने ते निस्तरलं. तिसऱ्या दिवशी त्याचं चाक दोनदा पंक्चर झालं, दोनदा तो मागे पडला, दोनदा सगळ्यांना ओलांडून आला आणि जिंकला. पाचव्या दिवशी केरेनच्या रस्त्यावर तो असा सुटला की उंट बघायला थांबलेल्या पोरांनी उंट सोडून त्याच्याकडे बघितलं. सात दिवसांत पाच टप्पे त्याचे. एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची ती पिवळी जर्सी दुसऱ्या दिवशी अंगावर चढली ती फक्त धुवायला उतरत होती. कोण जिंकणार, हा प्रश्न कॉफीच्या पहिल्या कपापर्यंतही टिकेना. लोक एकमेकांना विचारायचे ते, दुसरा कोण? दुसरा नेगासी होता, किब्रेआबच्या चार मिनिटं मागे. त्याच्यामागे फक्त वीस सेकंदांवर बाहेरच्या एका संघाचा लांब पायांचा स्वार होता, आणि त्या संघाचा प्रशिक्षक रोज संध्याकाळी हॉटेलात वही घेऊन हिशेब करत बसायचा.

आणि अया? मी रोज रेडिओ ऐकायचे आणि रोज रात्री मेस्फुनचा घरी फोन आला की त्याच्या घरच्यांकडून विचारून घ्यायचे. पहिला दिवस: "आकडे." दुसरा: "आकडे." चौथ्या दिवशी एक स्वार खड्ड्यात पडला, गुडघा फुटला, उठून पुन्हा सायकलवर बसला. मी म्हटलं, मिळाली घंटा. मेस्फुनचा निरोप आला: "आकडे. रडत."

आठव्या दिवशी मस्सावाहून सगळे निघाले. खाली ऊन, वर, नेफासितच्या पुढे, धुकं. पुढचं सगळं मी मेस्फुनकडून काढलंय. एवढं बोलायला त्याला दोन दिवस लागले आणि तीन किटल्या चहा.

"धुकं नव्हतं," मेस्फुन म्हणाला. "दही."

नेफासित सोडल्यावर पहिल्याच वळणाला किब्रेआब उठला आणि गेला. गरज नव्हती. चार मिनिटं हातात होती, मागे बसून आला असता तरी शर्यत त्याचीच. पण डोंगर दिसला की त्याला बसवत नाही. नेगासी आणि तो लांब पायांचा मागे राहिले. अयांनी एका मैलाच्या दगडापाशी मोटारसायकल थांबवायला लावली, किब्रेआब गेला तेव्हा घड्याळ सुरू केलं, नेगासी आला तेव्हा बंद केलं. मग खोळीत हात घालून लिहिलं, आणि दह्यातून वाट काढत मोटारसायकल पुढे, किब्रेआबच्या शेजारी. दिसावं म्हणून एकदम जवळ, हाताच्या अंतरावर. अयांनी पाटी धरली. दोन मिनिटं दहा सेकंद.

किब्रेआबने पाटी बघितली. मान हलवली. मग, ज्या चढावर बाकीच्यांच्या तोंडून फक्त वाफ निघते, त्या चढावर तो म्हणाला, "अया, रात्र कशी गेली?"

"मी म्हटलं," मेस्फुन म्हणाला, "मेलो."

अया गप्प.

"घरचे बरे?"

अया गप्प. मेस्फुनला आरशात दिसत होतं: गाल फुगलेले, डोळे मिटलेले, मानेची शीर टरारलेली. तुम्ही कधी कुणाच्या "घरचे बरे?" ला उत्तर न देता राहून बघा. आमच्यात तर मरणाऱ्या माणसालाही "देवाची कृपा" म्हणून मग मरावं लागतं.

किब्रेआबने पाय हलका केला. खरंच केला. सायकल मंदावली. पिवळी जर्सी, पुढे कुणी नाही, मागे सगळी शर्यत, आणि हा माणूस पेडल सोडून अयांकडे बघतोय. "अया? घरी काही झालं का? अदेय लेतेमारियाम?"

आता बघा अयांची गोची. बोलले, तर नियम मोडला. नाही बोलले, तर किब्रेआब थांबतोय, आणि उद्या लोक म्हणणार, अस्मेलाशने याही वर्षी शर्यत बिघडवली. मेस्फुनने हँडल घट्ट धरलं. तेवढ्यात त्याला मागून एक आवाज आला, बारीक, कुरकुरता. खडूचा.

अयांनी पाटी परत मांडीवर ओढली होती आणि हात खोळीत. त्यांनी ती पुन्हा पुढे धरली. वर मोठ्या अक्षरात दोन मिनिटं दहा. खाली, फळ्यावरच्या तारखेसारख्या वळणदार अक्षरात: "बरा. घरचे बरे. तुझे?"

किब्रेआब हसला. मोठ्याने. "सगळे बरे, देवाची कृपा!" आणि पेडलांवर उभा राहिला. मेस्फुनला मोटारसायकलचा गिअर टाकावा लागला, एवढंच तो सांगतो. गिअर टाकेपर्यंत समोर दहीच.

मग नेगासीसाठी थांबायचं. अयांनी पुन्हा मोजलं: पुढे किब्रेआब दोन मिनिटं चाळीसवर, मागे लांब पायांचा पंधरा सेकंदांवर. घाईघाईत वरचा आकडा पुसला, नवा लिहिला, आणि खालची ओळ पुसायची राहिली. मोटारसायकल नेगासीच्या शेजारी आली. नेगासी दमलेला, मान खाली, सोडून देण्याच्या बेतात. त्याने पाटी वाचली. पुन्हा वाचली. "अया, तुम्ही मला लेखी विचारताय?"

अयांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा पाटीसारखा काळा झाला.

"आई बरी आहे," नेगासी म्हणाला, त्याला हसू आवरेना. "पाय जुळला. डावाच होता. आणि हे पंधरा सेकंद खरे ना?" अयांनी जोरजोरात मान हलवली. नेगासीने मागे बघितलं, धुक्यात कुणाची तरी सावली होती, आणि तो हसत हसत चढायला लागला. हसताना माणूस चढू शकत नाही असं म्हणतात. नेगासी चढला. पण त्या सावलीच्या मागे एक गाडी होती, गाडीत वहीवाला प्रशिक्षक, आणि धुकं क्षणभर विरलं तेव्हा त्याने दुर्बीण लावून पाटी बघितली होती. आकडे त्याला कळले. खालची अक्षरं त्याला कळली नाहीत.

अस्मारात ऊन होतं. ताडांच्या रस्त्यावर आम्ही सकाळपासून उभे. बायकांनी सुपांत मक्याच्या लाह्या आणलेल्या. आधी आवाज आला, टोकापासून, बायकांच्या जिभांचा तो आनंदाचा उलुलुलु, आणि मग तो आवाज रस्त्याने धावत आमच्याकडे आला, आणि आवाजाच्या पुढे पिवळी जर्सी. एकटा. मागे रस्ता रिकामा. रेडिओवाला माझ्यापासून चार हातांवर माइकमध्ये ओरडत होता, "माझ्या प्रिय श्रोत्यांनो, मला शब्द नाहीत!" आणि मग पाव तास शब्द. लाह्या उडाल्या, पांढरं पांढरं सगळं, किब्रेआबच्या केसांत, जर्सीत, चाकांत. त्याने रेषा ओलांडली, दोन्ही हात वर, आणि उतरल्याबरोबर पहिल्या म्हातारीने त्याचं डोकं धरून दोन्ही गालांचे मुके घेतले, मग दुसरीने, मग रांग. सलग चौथी शर्यत, आणि या वेळी सगळ्यात मोठ्या फरकाने. तीन मिनिटं पाच सेकंदांनी नेगासी आला, एकटा, दुसरा, आणि त्याच्यावरही लाह्या. लांब पायांचा आला तेव्हा सुपं रिकामी झाली होती.

आता मी मेस्फुनला शोधत समितीच्या तंबूपाशी गेले. पैजेचा निकाल हवा होता. तिथे दुसराच निकाल चालला होता.

प्रशिक्षक लाल झालेला. शेजारी दुभाषा. दुभाषा त्याचं बोलणं वरणभातासारखं मऊ करून सांगत होता, पण प्रशिक्षकाच्या हातांवरून कळत होतं की मूळ पदार्थ तिखट आहे. "साहेब म्हणतात, पाटी आकड्यांसाठी असते. पाटीवर गुप्त मजकूर होता. तो वाचून नेगासी हसला आणि पळाला. साहेबांची तक्रार आहे."

तक्रार. तो शब्द पडला आणि मी अयांकडे बघितलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते. पाटी टेबलावर, खोळीसकट. त्यांनी ती पुसली नव्हती. पुसता आली असती, वाटेत हवा तेवढा वेळ होता. मेस्फुन म्हणाला, मी सांगितलं होतं, पुसा. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

अया तेकेस्तेंनी चष्मा लावला. "अहं. 'बरा.' अहं. 'घरचे बरे.' अहं." आणि मग शेवटचा शब्द वाचताना त्यांचा आवाज बदलला. "'तुझे?'"

त्यांनी पाटी अस्मेलाशकडे वळवली.

"अस्मेलाश, मी काय सांगितलं होतं?"

"तोंडातून आकड्याशिवाय काही निघायचं नाही," अया म्हणाले. "नाही निघालं. पण त्याने विचारलं होतं."

"कुणी?"

"मी," मागून आवाज आला. किब्रेआब. हातात फुलं, डोक्यावर लाह्या, बक्षिसाला बोलावत होते म्हणून जाता जाता थांबलेला. त्याचा आवाज अगदी मऊ, पाहुण्यांसमोर बोलावा तसा. "मी विचारलं, अया तेकेस्ते. ते गप्प राहिले. मला वाटलं, घरी कुणी गेलं आणि मला सांगत नाहीत. मी पाय हलका केला होता. त्यांनी लिहिलं नसतं, तर मी थांबलो असतो."

"शर्यतीत? थांबला असतास?"

"माणूस गप्प बसला, म्हणजे काय समजायचं, तुम्हीच सांगा."

अया तेकेस्तेंनी चष्मा काढला. समितीतले बाकीचे चार म्हातारे एकमेकांकडे बघत होते, आणि चौघांच्याही चेहऱ्यावर तेच, की मीपण थांबलो असतो. दुभाष्याने प्रशिक्षकाला सगळं समजावलं. प्रशिक्षकाने ऐकलं, पाटीकडे बघितलं, अयांकडे बघितलं, आणि काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात, एवढंच?"

"एवढंच. अहं. त्यांना विचारा, त्यांची रात्र कशी गेली? आम्ही आठ दिवसांत विचारलंच नाही. चूक आमची. घरचे बरे आहेत का?"

दुभाष्याने विचारलं. प्रशिक्षकाचे हात हवेत होते ते खाली आले. त्याने काहीतरी सांगितलं, मग आणखी काहीतरी, जरा हळू. "साहेब म्हणतात, बरे आहेत. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गुडघा दुखतो तिचा."

"कुठला?" अया अस्मेलाश म्हणाले.

मी उडीच मारली. "बोलले! बोलले! आई निघाली!"

"शर्यत संपली," मेस्फुन म्हणाला. "केव्हाच."

आठ दिवस कोंडलेलं सगळं मग बाहेर आलं. गुडघा उजवा होता. तो थंडीत दुखतो की चालताना, शेक कशाचा देतात, आईजवळ कोण असतं, ती जेवते काय, सगळं दुभाष्यामार्फत, आणि प्रशिक्षक खुर्ची ओढून बसला. कॉफी आली, किब्रेआबही बसला. शेवटी त्याने स्वतःच विचारलं, आणि तुमचे घरचे? बाहेर बक्षिसाला किब्रेआबच्या नावाचा पुकारा तिसऱ्यांदा होत होता, तरी कॉफीचा दुसरा कप झाल्याशिवाय त्याला कुणी उठू दिलं नाही. तक्रारीचा कागद प्रशिक्षकाने घडी करून वहीत ठेवला. समितीने मात्र तिथेच नवा नियम केला, लेखी: आकडा वर, मोठा. ख्यालीखुशाली खाली, लहान, आणि एका ओळीत. पाटी अस्मेलाशच्याच मांडीवर.

गिलायने दुसऱ्याच दिवशी ही बातमी वस्तऱ्याखाली सुरू केली, आणि यात अजून तरी मेंढा आलेला नाही.

राहिली पैज. मी भांडले. लिहिणं म्हणजे बोलणंच, म्हटलं. पाटीवर दोनदा विचारलं, एकदा मुद्दाम, एकदा चुकून. मेस्फुनला मध्ये घातलं, तर तो म्हणाला, "तोंडातून ठरलेलं. तोंडातून आकडे." घंटेखाली अया उभे होते, दोरी हातात, आणि हसत होते. गणिताच्या तासाची घंटा त्या दिवशी सेकंदाचाही फरक न पडता वाजली, आणि मी हरले. पुढच्या शर्यतीपर्यंत त्यांची नक्कल तोंडातून काढायची नाही. वर्गात नाही, गल्लीत नाही, गिलायच्या दुकानात तर नाहीच.

लिहून काढायची नाही, असं काही ठरलं नव्हतं.